इंजिन कुठलं, तास किती?

दादानं तेलाचा फिल्टर कापायला घेतला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. डबे उघडायच्या कटरचा थोरला भाऊ शोभेल असं एक हत्यार त्यानं फिल्टरच्या गळ्याभोवती बसवलं, चार-पाच वेढे दिले आणि पत्र्याची टोपी अलग झाली. आतला घड्याघड्यांचा कागद सुरीनं सोडवला, शिकंज्यात दाबून तेल निथळू दिलं. मग हँगरच्या दारात, उन्हात, एखाद्या जुन्या कुंडलीची गुंडाळी उलगडावी तसा तो उलगडत गेला.

"बघ, तुझे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत. कायतरी चमकतंय का?"

एका घडीत काळे बारीक कण होते. दादानं त्यांच्यावरून चुंबक फिरवलं. काही चिकटलं नाही. "कार्बन आहे. लोखंड असतं तर आलं असतं वर." मग त्यानं एका वहीत तारीख लिहिली, मीटरवरचे तास लिहिले आणि पुढे दोन शब्द: फिल्टर स्वच्छ. असल्या नोंदींची ती तिसरी वही होती.

दादा माझा मावसभाऊ. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात काकांचं शेड होतं. शेतातल्या पंपांची डिझेल इंजिनं तिथं उघडी पडलेली असायची. बोअर करणं, रिंगा-पिस्टन बदलणं, क्रँक घासून घेणं हे सगळं दादानं शाळेच्या वयात पाहिलेलं. पुढे तो शिकून अमेरिकेला गेला, विस्कॉन्सिनमधल्या कागद गिरण्यांच्या यंत्रांवर नोकरी केली आणि पन्नाशीच्या अलीकडे त्यानं गॅरेजमधून दोन्ही गाड्या बाहेर काढून आत विमान बांधायला घेतलं. नऊ वर्षं लागली. दोन सीटांचं, अॅल्युमिनियमचं, आरव्ही-9ए जातीचं हे विमान ऑशकॉशपासून तासाभरावरच्या एका लहानशा विमानतळावर उभं असतं. मी तिथं गेलो होतो ते त्यात बसायला. पण पहिले दोन दिवस दादानं मला विमानाला हात लावू दिला तो फक्त पुसायला.

घरी विमान बांधणं हा प्रकार आपल्याकडे सांगितला की ऐकणारा आधी हसतो. अमेरिकेत या वर्गात नोंदलेली तीस हजारांच्या आसपास विमानं आहेत. कायद्याची मुख्य अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी, स्वतः केलेलं असावं. बोलीभाषेत हा 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम'. बाकीचं तुम्ही किट म्हणून विकत आणू शकता. इंजिन तर बहुतेक सगळेच विकत आणतात. या हौशी मंडळींची संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, 1953 साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकानं विस्कॉन्सिनमध्येच सुरू केली. 1970 पासून तिचा वार्षिक मेळावा जुलैच्या शेवटी ऑशकॉशला भरतो. सहा-सात लाख माणसं, दहा हजार विमानं. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला गर्दीचं अप्रूप वाटत नाही, पण इथले वारकरी आकाशातून येतात. फिस्क नावाच्या एका खेड्याजवळ शेतात खुर्च्या टाकून बसलेले नियंत्रक दुर्बिणीतून विमानांचा रंग ओळखतात आणि रेडिओवर 'पंख हलवा' म्हणतात. वैमानिकानं तोंडानं उत्तर द्यायचं नसतं, पंख हलवायचे. धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात. सांगितलेल्या ठिपक्यावर उतरायचं, कारण मागचा दुसऱ्या ठिपक्यावर येतोच आहे.

या मेळाव्यात दोन प्रश्न मी शंभरदा ऐकले. कुठल्याही घरबांधणीच्या विमानापाशी कोणी थांबला की पहिला प्रश्न: इंजिन कुठलं? दुसरा: तास किती झाले? दिल्या-घेतल्या उत्तरांवरून मला वाटत होतं की पहिला प्रश्न महत्त्वाचा आणि दुसरा शिष्टाचाराचा. दादाचं मत नेमकं उलटं आहे. आठवडाभर त्याच्याशी वाद घातल्यावर माझंही आता तेच मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

पण इंजिनाची गोष्ट आधी, कारण ती रसाळ आहे.

1929 साली मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पिटेनपोल या कारागिरानं फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचं इंजिन लाकडी विमानाला बसवलं आणि ते उडवलं. चाळीसेक अश्वशक्ती. त्या काळी विमानाचं खरं इंजिन परवडणं शेतकऱ्याच्या पोराला शक्य नव्हतं, मोटारीचं इंजिन मात्र भंगारातही मिळे. पिटेनपोलचे आराखडे घेऊन लोक अजून ते विमान बांधतात. पुढे फोक्सवॅगन बीटलचं हवेवर थंड होणारं इंजिन आलं, शेवरलेच्या कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं आलं, माझदाचं रोटरी आलं, सुबारूचं आलं. प्रत्येक पिढीतल्या एका गटाला वाटत आलं आहे की मोटारधंद्यानं एवढी प्रगती केली आणि विमानवाले मात्र आजोबांच्या काळातलं इंजिन सोन्याच्या भावानं विकत घेतात, हा शुद्ध वेडेपणा.

आणि आजोबांच्या काळातलं म्हणजे खरंच तसं. दादाच्या विमानात लायकमिंग कंपनीचं ओ-320 आहे. मूळ रचना 1950 च्या दशकातली. पेनसिल्वेनियातल्या विल्यम्सपोर्टला बनतं. सव्वापाच लिटरचे चार सिलिंडर आडवे झोपवलेले, हवेवर थंड होणारे, आणि एवढ्या आकारातून शक्ती निघते 160 अश्वशक्ती. आजची साधी मोटार दोन लिटरमध्ये तेवढी काढते. नवं घ्यायला गेलं तर तीस हजार डॉलरच्या वर जातं. ठिणगी पडते ती मॅग्नेटोनं. एक सोडून दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. बॅटरी मेली, वायरिंग जळलं, तरी इंजिन फिरत राहतं. आमच्या काकांना हे इंजिन दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, यात नवीन काय आहे?

"तेच तर," दादा म्हणाला. "यात नवीन काही नाही, म्हणून घेतलं."

हे तो आता म्हणतो. सुरुवातीला त्याच्या डोक्यात सुबारू होतं. सुबारूचं इंजिनही आडव्या सिलिंडरांचं, नाकाच्या झाकणाखाली सहज मावणारं. जुन्या बाजारात स्वस्त, पाण्यानं थंड होणारं, लाखो मोटारींत पारखलेलं. दादा उद्यमनगरचा. जे दुसऱ्याला जमत नाही ते आपल्याला लेथवर जमतं, हा तिथल्या पाण्याचा गुण. त्यानं दीड वर्ष त्या इंजिनावर घातलं.

अडचण शक्तीची नसते. अडचण पंख्याची असते. 72 इंची पंखा मिनिटाला 2700 फेऱ्यांनी फिरला की त्याच्या टोकाचा वेग ताशी साधारण 930 किलोमीटर होतो. ध्वनीचा वेग सव्वाबाराशेच्या घरात. पंख्याचं टोक त्याच्या फार जवळ गेलं की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. म्हणून लायकमिंग पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडतं आणि 2700 वर थांबतं. मोटारीचं इंजिन आपली खरी ताकद देतं पाच-साडेपाच हजारांना. म्हणजे मध्ये वेग कमी करणारा गिअर किंवा पट्टा बसवणं आलं. तो बसवला की नवं दुखणं सुरू होतं. प्रत्येक स्फोटागणिक क्रँक एक झटका देतो, आणि दुसऱ्या टोकाला जड पंखा आपल्याच लयीत फिरत असतो. मधले दात, शाफ्ट आणि जोड या दोघांच्या भांडणात पिळवटून निघतात. एखाद्या ठरावीक फेऱ्यांना ते थरथरणं बरोबर जुळून येतं आणि चांगलं जाडजूड पोलाद काही तासांत तडकतं. पिठाच्या गिरणीत हे सगळं चामड्याचा पट्टा सोसतो, घसरतो, आणि गिरणीवाला शिव्या देत त्यावर राळ टाकतो. तीन हजार फुटांवर राळ टाकायला कोणी नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मोटारीचं इंजिन आयुष्यभर आरामात जगतं. महामार्गावर ते आपल्या ताकदीचा चौथा-पाचवा हिस्सा वापरत असतं. विमानाचं इंजिन उड्डाणाला पूर्ण ताकदीवर आणि मग तासन्‌तास पंचाहत्तर टक्क्यांवर चालतं. रेडिएटर किती मोठा, तो कुठं बसवायचा, त्याला हवा कशी मिळायची, पेट्रोल पुरवणारे दोन विद्युत पंप बंद पडले तर काय, संगणकाला वीज दोन बाजूंनी कशी द्यायची, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बांधणाऱ्यानं स्वतः शोधायचं. काहींना ते सापडतंही. मोटारीच्या इंजिनांवर हजारभर तास उडालेली विमानं मी ऑशकॉशला पाहिली, आणि त्यांच्या मालकांना माझा सलाम आहे. पण त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट जाणवली. ते इंजिनावर जितके तास बोलत होते तितके उडण्यावर बोलत नव्हते.

दादाचं सुबारू जमिनीवर छान चाललं. रिडक्शनचा संच त्यानं एका लहान कारखान्याकडून घेतला होता. खुंट्याला बांधून चालवताना चौदाव्या तासाला त्यातून बारीक खुळखुळ ऐकू येऊ लागली. उघडलं तर एका दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर. कारखान्यानं फोन उचलणं बंद केलं. दादानं चार दिवस विचार केला आणि सगळं इंजिन एका कॉलेजच्या पोरांना प्रयोगाला देऊन टाकलं. मग एका ओव्हरहॉल केलेल्या ओ-320 साठी बँकेकडे गेला.

यात सगळ्या नव्या इंजिनांची निंदा नाही. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स 912 बघा. शंभर अश्वशक्तीच्या रूपात ते अवघं 1352 सीसीचं आहे, मिनिटाला 5800 फेऱ्या काढतं, त्याला गिअरबॉक्सही आहे, आणि तरी ते जगभर हलक्या विमानांचं भरवशाचं इंजिन झालं. फरक इतकाच की गिअर, इंजिन आणि पंखा यांचं जुळणं कारखान्यानं वर्षानुवर्षं पारखलेलं आहे. सुरुवातीच्या काळात त्याच्या ओव्हरहॉलची मुदतही कमी होती. अनुभव साठत गेला तशी कंपनीनं ती वाढवत 2000 तासांवर नेली. रोटॅक्सच्याही खोडी आहेत. शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल त्याला फारसं मानवत नाही, ते जास्त वापरलं तर तेल दर 25 तासांनी बदलावं लागतं, कारण शिशाचा गाळ तेलात उतरतो आणि तेच तेल गिअरबॉक्सलाही वंगण देतं. पण ही खोड पुस्तकात लिहिलेली आहे. लिहिलेली खोड परवडते.

उलट बाजूचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. बुंडाबर्गला बनणारी जाबिरू इंजिनं साधी, हलकी, थेट पंखा फिरवणारी. 2014 साली त्यांच्या बिघाडांची संख्या बघून तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणानं डिसेंबरात या इंजिनांच्या विमानांवर बंधनं घातली. दाट वस्तीवरून उडायचं नाही, आणि सोबत बसणाऱ्यानं धोका ठाऊक असल्याचं लिहून द्यायचं. मालक संतापले. त्यांचं म्हणणं, शिक्षण संस्थांत रोज राबणाऱ्या विमानांचे आकडे आणि आमच्यासारख्या जपून वापरणाऱ्यांचे आकडे एकत्र का मोजता? पुढे देखभालीच्या अटींवर बंधनं सैल झाली. वादात खरं कोण हे मला ठरवता येणार नाही. पण भागाकार करताना खाली 'तास' लिहिल्याशिवाय वरच्या बिघाडांना अर्थ नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

आता दुसरा प्रश्न.

12 ऑक्टोबर 1997 च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या विमानतळावरून गायक जॉन डेन्व्हर एका लाँग-ईझी विमानातून उडाला. आपल्याकडे ज्या पिढीनं कॉलेजात गिटार हातात घेतली तिला डेन्व्हर वेगळा सांगायला नको. त्याला विमानाचं वेड होतं, वडील हवाई दलात वैमानिक होते, स्वतःचे 2700 हून जास्त उड्डाणतास झालेले. लाँग-ईझी हे बर्ट रुटान या प्रतिभावंताचं डिझाइन, फोम आणि काचतंतूचं, पंखा मागे आणि छोटे पंख पुढे. विमान मात्र डेन्व्हरनं बांधलेलं नव्हतं. टेक्ससमधल्या एका हौशी माणसानं ते बांधलं होतं, आणि हात बदलत ते डेन्व्हरकडे आलं होतं. इंजिन? लायकमिंग ओ-320. दादाच्या विमानातलंच.

रुटानच्या आराखड्यात पेट्रोलची टाकी बदलण्याची मूठ वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये आहे. बांधणाऱ्याला कॉकपिटमध्ये पेट्रोलच्या नळ्या नको होत्या. म्हणून त्यानं झडप मागे इंजिनाजवळ ठेवली आणि तिची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे आणली. हेतू चांगलाच होता. मुठीवर काही लिहिलेलं नव्हतं. मूठ उजवीकडे वळवली तर डावी टाकी, खाली केली तर उजवी टाकी, वर केली तर पेट्रोल बंद. पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काचाही मागे, आणि त्यांच्यावर खुणा नाहीत.

आदल्या दिवशी डेन्व्हरला त्या विमानाची ओळख करून दिली गेली. अर्धा तास. उड्डाणाच्या दिवशी विमानतळावरच्या एका तंत्रज्ञाबरोबर त्याची या मुठीवरून बोलणी झाली. मुठीपर्यंत हात पोचावा म्हणून त्यांनी तिला ग्रिप पकड लावून पाहिली, ती जमली नाही. मागच्या काचा बघायला तंत्रज्ञानं त्याला एक आरसा दिला. गरज पडली तर ऑटोपायलट लावून मूठ वळवीन, असं डेन्व्हर म्हणाला. पेट्रोल भरायचं का, तर नको, तासभरच उडायचं आहे.

तो उडाला, तीनदा चाकं टेकवून पुन्हा वर गेला, मग समुद्राकडे वळला. पाचशे फुटांच्या आसपास असताना इंजिनाचा आवाज तुटल्याचं किनाऱ्यावरच्या लोकांनी ऐकलं, आणि विमान उजवीकडे कलंडत नाकावर पाण्यात गेलं.

तपास करणाऱ्यांनी तसल्याच विमानात बसून पाहिलं. ती मूठ वळवायची तर उजवा हात स्टिकवरून काढायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, अंग डावीकडे नव्वद अंश वळवायचं आणि उजवा हात मागे न्यायचा. असं वळताना माणूस आपोआप कशाचा तरी आधार घेतो. आधाराला सापडतं ते उजव्या पायाखालचं रडर पेडल.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निकालात चूक वैमानिकाची आहे: लक्ष विचलित झालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं, निघण्याआधी पेट्रोल भरलं नाही. पण त्याच्या जोडीला मंडळानं चार गोष्टी नोंदवल्या. अवघड जागी बसवलेली बिनखुणेची मूठ, बिनखुणेच्या काचा, नव्या विमानाच्या प्रशिक्षणाची कमतरता, आणि या जातीच्या विमानावरचा तुटपुंजा अनुभव. 2700 तासांपैकी कामाला येणारे तास मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. इंजिनाला कोणी दोष दिला नाही. त्याला पेट्रोलच पोचलं नव्हतं.

हे प्रकरण अपवाद म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण 2012 साली त्याच मंडळानं घरबांधणीच्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातलं चित्र त्याच वळणाचं आहे. अमेरिकेतल्या खासगी वापराच्या ताफ्यात ही विमानं दहा टक्क्यांच्या आत, पण 2011 सालच्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा 15 टक्के आणि जीवघेण्या अपघातांत 21 टक्के. लोकांना भीती वाटते की घरी ठोकलेले रिव्हेट निघतील आणि पंख गळून पडेल. तसं क्वचितच झालेलं. सर्वांत वर दोन कारणं: इंजिन बंद पडणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. त्यातही 'इंजिन बंद पडणं' यात पेट्रोलच्या नळ्या, झडपा, वायरी, म्हणजे बांधणाऱ्यानं इंजिनाभोवती स्वतः जोडलेल्या गोष्टी येतात. म्हणूनच पेट्रोलपुरवठ्याची रीतसर चाचणी करून ती लिहून ठेवणं सक्तीचं करा, अशी शिफारस मंडळानं केली. आणि एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी अपघात झालेल्या 224 विमानांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती, आणि 14 अपघात नव्या मालकाच्या अगदी पहिल्याच उड्डाणात झाले.

बांधणारा नऊ वर्षं विमानाबरोबर राहतो. कुठली नळी कुठून गेली आहे हे त्याला झोपेत विचारा. विकत घेणाऱ्याला चावी मिळते. जुनी बुलेट घेतानासुद्धा आपण आधीच्या मालकाला शेजारी बसवून चार फेऱ्या मारतो.

नव्या विमानासाठी कायद्यानं तासांची सोय केली आहे. पहिले 40 तास ठरवून दिलेल्या हद्दीतच उडायचं, प्रवासी न घेता. इंजिन आणि पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर 25 तास. म्हणजे कायदाही इंजिनाची निवड तासांच्या भाषेत मोजतो. पूर्वी यात वैमानिक एकटाच असावा लागे. 2014 पासून काही अटींवर दुसरा जाणकार वैमानिक सोबत नेता येतो. त्याआधी अनेकांनी हा काळ कसा घालवला हे मेळाव्यात हसत-हसत सांगतात: विमानतळाभोवती घिरट्या घालत, मीटरकडे बघत, कधी एकदाचे 40 होतात. आता विमानवाहतूक खात्यानं तासांऐवजी कामांची यादी पूर्ण करण्याचा पर्यायही दिला आहे. कमीत कमी किती वेगाला विमान पडतं, किती वजनाला किती चढतं, हे मोजून लिहायचं. दादानं 40 तास उडूनही ती यादी केली.

त्याची एक चाचणी मी ऐकली आणि मग झोप लागेना. उड्डाण होताच इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टी गाठावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्या वळणात पुष्कळ लोक मेले आहेत. विमान 45 अंश कललं की ज्या वेगाखाली ते पडतं तो वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. घाबरलेला माणूस जास्त कलवतो आणि नाक वर ओढतो. दादा तीन हजार फुटांवर गेला, थ्रॉटल मागे ओढलं, 'अरे, हे काय झालं' म्हणण्यात जाणारी चार सेकंदं मोजली आणि मगच वळला. असं बारा वेळा. दर वेळी किती उंची गेली ती लिहिली, तिच्यात निम्मी आणखी मिळवली. त्या आकड्याच्या खाली इंजिन गेलं तर समोरचं मक्याचं शेत. तो आकडा कॉकपिटमध्ये पट्टीवर चिकटवलेला आहे.

तासांची दुसरी बाजू इंजिनाची. लायकमिंगच्या ओव्हरहॉलची मुदत 2000 तास, पण त्याच्या शेजारी 'किंवा बारा वर्षं' असंही लिहिलेलं असतं, आणि हौशी मालकांचं इंजिन बहुधा दुसऱ्या अटीत सापडतं. वर्षाला पन्नास तासही न उडणारी विमानं ढिगानं आहेत. या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला आहे. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं, आत कोंडलेला दमटपणा बसतो आणि गंजाचा पहिला ठिपका तिथं उमटतो. पुढच्या वेळी सुरू केलं की तो ठिपका कानशीसारखा लिफ्टरला घासतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जमिनीवर चालवून ठेवतो, असं सांगणारे खूप भेटतात. ते विषावर विष. तेल पुरेसं तापत नाही, उलट जळण्यातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. कंपनी म्हणते, निदान तीस दिवसांतून एकदा तासभर उडवा, तेल 165 अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ द्या. विस्कॉन्सिनच्या जानेवारीत त्यासाठी आधी इंजिनाला हीटरनं शेकावं लागतं. वहिनी म्हणतात, "माझ्या गुडघ्याला शेक द्यायचा यांना आठवत नाही."

आणि शक्तीचा मोह. आरव्ही-9ए ला 160 अश्वशक्तीपेक्षा मोठं इंजिन लावू नका, असं ओरेगॉनची व्हॅन्स कंपनी सांगते. तिची किट जोडून जगभरात अकरा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत, तेव्हा शब्दाला वजन आहे. तरी लोक 180 चं लावतात. अपघात लगेच होत नाही. फक्त रचनेच्या वेगमर्यादेची शिल्लक कमी होते. ती कमी झाली हे शांत हवेत कळत नाही.

आपल्याकडे या छंदाचं सर्वांत गाजलेलं नाव अमोल यादव. या मराठी वैमानिकानं कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात बीकेसीला लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, 2019 च्या ऑक्टोबरात उडण्याची परवानगी, आणि 2020 मध्ये धुळ्याला चाचणी. गच्चीवरून धावपट्टीपर्यंतच्या या प्रवासात कागदांना लागलेली वर्षं पाहा. त्या वर्षांत एकही उड्डाणतास जमा होत नाही. आपण विमान बांधण्याचं कौतुक मनापासून करतो. 1895 साली तळपद्यांचं विमान चौपाटीवर उडालं की नाही यावर अजून भांडतो, त्यात पाऱ्याचं इंजिन होतं असंही छातीठोक सांगतो. ते किती वेळ उडालं हे मात्र कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या खेडोपाडी जे आहे आणि आपल्याकडे नाही, ते हुशारी किंवा हस्तकौशल्य नव्हे. तिथं शनिवारी सकाळी हँगरचं दार ढकलून, कोणाला अर्ज न करता, तासभर उडून येता येतं.

तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, चल. मी कॅमेरा घेऊन पुढे झालो तर त्यानं हातानंच थांबवलं. नियम सांगतो की प्रवासी घ्यायचा तर गेल्या नव्वद दिवसांत तीन वेळा उडून उतरलेलं असावं. दादाचं ते झालेलं होतं. पण सर्दी, मग पाऊस, मग माझी सरबराई, यात तो सदतीस दिवस उडाला नव्हता, आणि त्याचा स्वतःचा नियम तीस दिवसांचा आहे.

"दादा, तुझे आठशे तास झालेत या विमानावर."

"या महिन्यातले किती?"

मी गवतावर बसलो. तो एकटा वर गेला, तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही वेळा उतरला. दुसऱ्यांदा जरा आदळला. मग विमान माझ्यापाशी आणून त्यानं छत उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर, अशा प्रत्येक विमानात लावावीच लागते ती पट्टी होती: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. दादानं ती मला मोठ्यानं वाचायला लावली. पट्टे बांधून झाले, पेट्रोलची मूठ कुठं आहे ते माझ्याकडून बोट ठेवून दाखवून घेतलं. मीटरवर 814.6 तास होते. परत उतरलो तेव्हा 815.7.